विविध पदार्थांपासून बनलेल्या घरगुती फर्निचरची स्वच्छता व निगा : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

घरातील फर्निचर हा कुटुंबाच्या स्थावर-जंगम मालमत्तेतील दुर्लक्षित भाग आहे. दागिने, जमीन, वाहन यांची नोंद ठेवली जाते. परंतु पलंग, आलमारी, मेज, खुर्च्या, बाज, दिवाण या वस्तू विकत घेतल्यानंतर त्यांच्याकडे लक्ष जाते ते त्या मोडल्यावर किंवा त्यांतून भुसा गळू लागल्यावर. वास्तविक पाहता चांगल्या सागवानी लाकडाचा पलंग तीन पिढ्या टिकू शकतो आणि तोच पलंग अयोग्य निगेमुळे पंधरा वर्षांत सरपणाच्या योग्यतेचा होऊ शकतो. हा फरक लाकडाच्या प्रतीपेक्षा निगेच्या पद्धतीमुळे अधिक पडतो.

फर्निचरच्या निगेविषयी प्रचलित असलेला बराचसा सल्ला समुद्रकाठच्या शहरांना किंवा थंड प्रदेशांना समोर ठेवून तयार झालेला आहे. वर्धा जिल्ह्याचे हवामान यांपैकी कशासारखेच नाही. त्यामुळे तो सल्ला येथे जसाच्या तसा लागू करणे अनेकदा हानिकारक ठरते. शिवाय हा कापूस पिकविणारा जिल्हा असल्याने शेतीची कीटकनाशके घरोघरी सहज उपलब्ध असतात आणि वाळवी किंवा ढेकूण घालविण्यासाठी ती घरात वापरण्याचा मोह होतो. म्हणून हा विषय केवळ गृहसजावटीचा न राहता आरोग्याचा व कौटुंबिक अर्थकारणाचाही ठरतो.

लेखाची उद्दिष्टे

१. वर्धा जिल्ह्याच्या हवामानाचा फर्निचरवर होणारा परिणाम स्पष्ट करणे.
२. लाकूड, कृत्रिम फळ्या, बांबू, वेत, लोखंड, प्लास्टिक, दगड, कापड इत्यादी पदार्थांच्या गुणधर्मांनुसार स्वच्छतेच्या योग्य पद्धतींचे विवेचन करणे.
३. कीडनियंत्रणातील घातक प्रथांकडे लक्ष वेधणे.
४. ऋतुमानानुसार निगेचा क्रम सुचविणे.

प्रस्तुत विवेचनाचे स्वरूप वर्णनात्मक असून त्यात पदार्थविज्ञान व गृहविज्ञान यांतील प्रस्थापित तत्त्वांचा आधार घेतला आहे.

वर्धा जिल्ह्याचे हवामान आणि फर्निचर

वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर या आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात मे महिन्यात तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्या काळात दुपारच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. पुढे अवघ्या दोन-अडीच महिन्यांत, श्रावणात, हीच आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. एकाच वर्षात एवढा मोठा चढउतार कोकणात होत नाही. तेथे दमटपणा अधिक असला तरी तो बराच स्थिर असतो.

लाकूड हा आर्द्रताशोषक पदार्थ आहे. झाड तोडल्यानंतर कितीही वर्षे लोटली तरी त्याचे तंतू हवेतील बाष्प घेत व सोडत राहतात. बाष्प घेतल्यावर लाकूड फुगते, सोडल्यावर आकसते. हा बदल लांबीच्या दिशेने नगण्य असतो. रुंदीच्या दिशेने मात्र तो जाणवण्याइतका असतो. सागवान हे या बाबतीत स्थिर लाकूड मानले जाते. तरीही तीस सेंटिमीटर रुंदीची सागवानी फळी मे ते ऑगस्ट या काळात ठोकळमानाने तीन ते चार मिलिमीटर रुंद होऊ शकते. उन्हाळ्यात पलंगाचे सांधे करकरणे व पावसाळ्यात मेजाचे ड्रॉवर अडकणे ही एकाच क्रियेची दोन रूपे आहेत. पावसाळ्यात अडकलेल्या ड्रॉवरवर रंधा मारला की उन्हाळ्यात तोच ड्रॉवर खिळखिळा होतो. अशा वेळी रंधा न मारता ड्रॉवरच्या कडांना मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासणे पुरेसे असते.

विदर्भाच्या संदर्भात आणखी एका घटकाचा विचार आवश्यक आहे, तो म्हणजे कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून किंवा लाकडाच्या तासकाड्यांतून येणारी कूलरची हवा थंड असते तशीच ओलीही असते. बाहेर आर्द्रता वीस टक्के असताना कूलर चालू असलेल्या बंदिस्त खोलीत ती साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत चढू शकते. दिवसा कूलर, सायंकाळी तो बंद, पुन्हा रात्री कूलर, असा क्रम दोन-तीन महिने चालतो. याचा अर्थ असा की कूलरच्या झोतात ठेवलेले कपाट दररोज एक लहानसा पावसाळा व एक लहानसा उन्हाळा अनुभवत असते. कपाटाची झोताकडील बाजू फुगते, भिंतीकडील बाजू कोरडी राहते आणि दार वाकते. लोखंडी आलमारीचा तळ गंजण्याचे कारणही अनेकदा पावसाळा नसून कूलरच असतो. कूलरमधील पाणी क्षारयुक्त असल्यास तुषारांबरोबर क्षार उडून फर्निचरवर पांढरे ठिपके बसतात. म्हणून कूलरच्या थेट झोतात कोणतेही फर्निचर ठेवू नये आणि झोताच्या समोरील खिडकी उघडी ठेवावी. त्यामुळे ओली हवा बाहेर जाते व कूलरचा गारवाही वाढतो.

तिसरा घटक काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरील जुन्या घरांची जमीन किंचित वरखाली होत राहते. कपाटाचे दार लागेनासे झाले तर प्रथम बिजागरी न बदलता कपाट समपातळीत आहे की नाही हे पाहावे. पुष्कळदा एका पायाखाली पातळ पाचर दिल्याने काम भागते.

स्वच्छतेची मूलतत्त्वे

फर्निचरची हानी घाणीने होते, तशीच चुकीच्या स्वच्छतेनेही होते. म्हणून पुढील तत्त्वे सर्व पदार्थांना समान लागू आहेत.

पहिले तत्त्व असे की धूळ हा अपघर्षक पदार्थ आहे. धुळीत गारगोटीचे सूक्ष्म कण असतात. धूळ न झटकता ओल्या फडक्याने जोरात पुसल्यास हे कण पॉलिश पेपरप्रमाणे काम करतात व पृष्ठभागाची चकाकी जाते. प्रथम मऊ कोरड्या कापडाने किंवा कुंचल्याने धूळ काढावी, नंतर आवश्यक असल्यास घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसावे आणि लगेच कोरड्या फडक्याने ओल टिपावी. जुन्या धुतलेल्या सुती धोतराचे किंवा साडीचे कापड यासाठी सर्वोत्तम होय.

दुसरे तत्त्व सौम्यतेकडून तीव्रतेकडे जाण्याचे. कोरडे कापड, ओले कापड, सौम्य साबणाचे पाणी आणि त्यानंतरच विशिष्ट द्रावक, असा क्रम असावा. तिसरे तत्त्व पूर्वपरीक्षणाचे. कोणताही नवा पदार्थ प्रथम फर्निचरच्या न दिसणाऱ्या भागावर वापरून पाहावा. चौथे व सर्वांत महत्त्वाचे तत्त्व म्हणजे स्वच्छतेची रसायने एकमेकांत मिसळू नयेत. ब्लीचिंगचे द्रावण आणि शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो. ब्लीच व अमोनियायुक्त काचशोधक यांच्या मिश्रणातूनही श्वसनमार्गास घातक वायू बाहेर पडतात. दिवाळीच्या साफसफाईत बंद खोलीत असे मिश्रण नकळत घडण्याची शक्यता अधिक असते.

लाकडी फर्निचर

लाकडी फर्निचरची निगा ही प्रत्यक्षात लाकडावरील लेपाची निगा असते. त्यामुळे लेप कोणता आहे हे प्रथम ओळखावे लागते. जुन्या सागवानी फर्निचरवर बहुधा चपडा लाखेचे पॉलिश असते. लाख हा पळस, कुसुम, बोर इत्यादी झाडांवर वाढणाऱ्या सूक्ष्म कीटकांचा स्राव होय. पूर्व विदर्भातील वनप्रदेशात लाखेचे उत्पादन पूर्वापार होत आले आहे. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने त्याचे अनेक पातळ थर दिले जातात. हे पॉलिश देखणे असते, परंतु उष्णता, पाणी व स्पिरिट या तिन्हींपुढे ते दुबळे ठरते. चहाची गरम कपबशी ठेवल्यावर उमटणारे पांढरे वर्तुळ म्हणजे लेपात अडकलेली ओल असते. ती लाकडापर्यंत पोचलेली नसते. डाग ताजा असल्यास कोरड्या हवेत तो पुष्कळदा आपोआप फिकट होतो. घासल्याने मात्र लेपच निघतो.

लेप ओळखण्याची सोपी पद्धत अशी : न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावावा. पृष्ठभाग चिकट झाला तर तो चपड्याचा लेप समजावा. काहीही बदल झाला नाही तर तो बहुधा पॉलियुरेथेन किंवा तत्सम कृत्रिम लेप असतो. अशा लेपावर सौम्य साबणाचे पाणी चालते. चपड्याच्या लेपाला मात्र शक्यतो कोरडेच पुसावे. जंतुनाशक म्हणून वापरले जाणारे अल्कोहोलयुक्त द्रव चपड्याचा लेप विरघळवितात. २०२० नंतर अशा द्रवांचा घरगुती वापर वाढल्याने जुन्या मेजांवर व खुर्च्यांच्या हातांवर चट्टे पडण्याचा धोकाही वाढला आहे.

लाकडाला तेल लावण्याची प्रथा घरोघरी आहे. येथे तेलातील भेद समजून घेणे आवश्यक आहे. खोबरेल, शेंगदाणा, मोहरी ही तेले लाकडावर सुकत नाहीत. ती चिकट राहून धूळ धरतात व कालांतराने खवट होतात. जवसाचे तेल याला अपवाद आहे. हे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते आणि लाकडाच्या छिद्रांत संरक्षक थर तयार करते. जवस हे विदर्भातील जुने रब्बी पीक असल्याने हा पदार्थ येथे परका नाही. लेप नसलेल्या किंवा लेप झिजलेल्या लाकडाला जवसाच्या तेलाचा अत्यंत पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने जादा तेल पूर्णपणे पुसून घ्यावे आणि काही दिवस सुकू द्यावे.

मात्र या तेलासंबंधी एक गंभीर सावधगिरी आहे. प्राणवायू शोषताना जवसाचे तेल उष्णता निर्माण करते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात किंवा डब्यात टाकल्यास ही उष्णता साठून तो आपोआप पेट घेऊ शकतो. वर्ध्याच्या उन्हाळ्यात ही शक्यता आणखी वाढते. म्हणून अशा चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात भिजवून मगच टाकाव्यात.

सागवानाला वाळवी लागत नाही, ही समजूत अर्धसत्य आहे. सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे तो भाग वाळवीला दाद देत नाही. परंतु गाभ्याभोवतीचा बाहेरचा पांढरट भाग इतर कोणत्याही लाकडाइतकाच असुरक्षित असतो. स्वस्त फर्निचरमध्ये हा पांढरट भाग रंग देऊन मागील फळ्यांना वापरला जातो. म्हणून खरेदीच्या वेळी मागची व खालची बाजू पाहणे ही निगेची पहिली पायरी ठरते.

प्लायवूड, पार्टिकल बोर्ड व सनमायका

अलीकडील बहुतांश फर्निचर घन लाकडाचे नसून कृत्रिम फळ्यांचे असते. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटविलेले असल्याने ते फारसे आकसत-फुगत नाही. पार्टिकल बोर्ड हा भुसा व चिपांचा दाबलेला गठ्ठा असतो. त्याला एकदा पाणी लागून तो फुगला की पूर्वस्थितीत येत नाही. या फर्निचरचा पृष्ठभाग जवळजवळ अभेद्य असतो. त्याच्या कडा मात्र कमजोर असतात. सनमायकावर सांडलेले पाणी फारसे नुकसान करीत नाही. कडेची पट्टी निघाली असता तेथून शिरलेले पाणी संपूर्ण फळी निकामी करते. म्हणून फरशी पुसताना ओला पोचा अशा कपाटांच्या तळाला लागू देऊ नये, पायांना प्लास्टिक किंवा रबरी टोप्या बसवाव्यात व सुटलेली कडेची पट्टी त्वरित चिकटवावी. सनमायकावर तारेची घासणी किंवा भांडी घासण्याची पावडर वापरू नये.

कृत्रिम फळ्यांतील डिंकातून फॉर्माल्डिहाइड हा वायू हळूहळू बाहेर पडतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याचा समावेश मानवी कर्करोगास कारणीभूत पदार्थांच्या वर्गात केला. उष्णता व आर्द्रता यांनी त्याचे उत्सर्जन वाढते. नवीन कपाट आणल्यानंतर काही आठवडे त्याची दारे उघडी ठेवावीत व खोलीत हवा खेळती राहील असे पाहावे.

बांबू व वेत

बांबू हा विदर्भाचा स्वतःचा पदार्थ आहे. बुरूड समाजाच्या पिढ्यान्पिढ्यांच्या कौशल्यातून सुपे, टोपल्या, तट्टे व बैठका तयार होत आल्या आहेत. वर्ध्यानजीक दत्तपूर येथे देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने ग्रामीण तंत्रज्ञानाबरोबर बांबूच्या वापरालाही चालना दिली. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आला. त्यामुळे त्याची तोड व वाहतूक सुलभ झाली आणि बांबू फर्निचरच्या प्रसारास अनुकूलता लाभली.

बांबूचा मुख्य शत्रू म्हणजे त्याला पोखरणारा किडा. बांबूतील पिष्टमय पदार्थ हे त्याचे खाद्य. तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याच्या जुन्या पद्धतीमागील शास्त्र हेच आहे. त्यामुळे पिष्ट व शर्करा पाण्यात विरघळून जातात. बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणाची प्रक्रिया केलेला बांबू अधिक टिकतो. बांबूची खुर्ची घेताना अशी प्रक्रिया झाली आहे काय, हे विचारणे श्रेयस्कर. वापरातील खुर्चीखाली बारीक पिठासारखा भुसा दिसला तर कीड सक्रिय आहे असे समजावे. बांबू कोरड्या कुंचल्याने झाडावा, क्वचित ओल्या फडक्याने पुसावा व सावलीत वाळवावा. कडक उन्हात ठेवल्यास तो चिरतो.

वेताचे तंत्र थोडे वेगळे आहे. वेत अतिशय कोरडा झाला की ठिसूळ होऊन तुटतो. त्यामुळे वर्ध्याच्या उन्हाळ्यात वेताच्या खुर्चीला अधूनमधून ओल्या कापडाने पुसणे हितकारक ठरते. विणीची बैठक सैल पडल्यास ती खालच्या बाजूने कोमट पाण्याने भिजवावी व खुर्ची न वापरता पूर्ण वाळू द्यावी. वाळताना वेत आकसतो व बैठक पुन्हा ताठ होते.

लोखंडी व धातूचे फर्निचर

लोखंडी कपाटाला महाराष्ट्रात अनेक घरांत ‘गोदरेज’ असेच म्हटले जाते. त्या कंपनीने १९२३ मध्ये पोलादी कपाटांचे उत्पादन सुरू केले आणि कंपनीचे नाव वस्तूचे नाव झाले. अशा कपाटाचे संरक्षण त्याच्या रंगावर अवलंबून असते. रंगाला ओरखडा पडला की तेथून गंज सुरू होतो व रंगाच्या खालून पसरत जातो. धूळ ओलावा धरून ठेवत असल्याने कपाटाचा माथा व तळ हे दुर्लक्षित भाग प्रथम गंजतात. गंज दिसताच पॉलिश पेपरने तो पूर्ण घासावा, रेड ऑक्साइडचा प्राथमिक हात द्यावा व त्यावर तैलरंग लावावा. गंजावर थेट रंग देणे निरुपयोगी असते. बिजागऱ्यांना व कुलपांना वर्षातून दोनदा शिलाई यंत्राच्या तेलाचा थेंब पुरेसा होतो.

पितळी मुठी व कड्या चिंच किंवा लिंबू यांनी उजळतात, कारण त्यांतील आम्ल धातूवरील काळपट थर विरघळविते. परंतु मूठ लाकडी फर्निचरवर बसविलेली असल्यास ती काढूनच उजळावी. आम्ल लाकडावर गेल्यास डाग पडतो. काही नव्या मुठींवर पारदर्शक लाखेचा थर असतो. त्यांना फक्त पुसावे.

प्लास्टिक, काच व संगमरवर

प्लास्टिकच्या साच्यातील खुर्च्यांचा खरा शत्रू ऊन होय. अतिनील किरणांमुळे त्यांची रेणूशृंखला तुटते, पृष्ठभाग खडूसारखा होतो आणि एक दिवस खुर्ची बसल्याबसल्या मोडते. पांढरट पडलेली खुर्ची वृद्धांच्या वापरातून काढून टाकणे हा सुरक्षिततेचा भाग आहे. संगमरवरी पृष्ठभागाला लिंबू, चिंच, व्हिनेगर यांचा स्पर्श होऊ देऊ नये. संगमरवर हा कॅल्शियम कार्बोनेट असल्याने आम्लाने तो झिजतो. पितळ उजळविणारा पदार्थ संगमरवर बिघडवितो, यावरून ‘सर्व घरगुती उपाय निरुपद्रवी असतात’ या समजुतीतील फोलपणा लक्षात येतो.

गाद्या, बाज व कापडी आच्छादने

कापसाच्या या जिल्ह्यात रुईच्या गादीचे स्थान अजून टिकून आहे. रुई घामातील व हवेतील ओल शोषते. दर काही वर्षांनी पिंजाऱ्याकडून ती पिंजून घेतल्यास गाठी मोकळ्या होतात व गादी नव्यासारखी होते. गादीला महिन्यातून एकदा ऊन द्यावे. फोमच्या गादीला मात्र कडक ऊन देऊ नये, कारण उन्हाने फोम पिवळा पडून भुगा होतो. तिला सावलीत वारा द्यावा. रेक्झिनचे आच्छादन सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावे. त्याला तेल लावल्यास ते कडक होऊन तडकते. चामडे पाण्याने भिजवू नये व कूलरच्या ओल्या हवेत ठेवू नये. त्यावर बुरशी येते.

बाज किंवा नवारीचा पलंग हे स्वच्छतेच्या दृष्टीने अत्यंत सोयीचे फर्निचर आहे. नवार उसवून धुता येते, चौकट उन्हात उभी करता येते. सांध्यांत उकळते पाणी ओतून ढेकूण मारण्याची ग्रामीण पद्धत शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे. सुमारे पन्नास अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान पुरेसा वेळ मिळाल्यास ढेकूण व त्यांची अंडी दोन्ही नष्ट होतात. ही पद्धत पॉलिश केलेल्या फर्निचरला मात्र वापरता येत नाही.

कीडनियंत्रण : एक गंभीर प्रश्न

वाळवी, ढेकूण व पोखरकिडे यांच्या त्रासामुळे शेतासाठी आणलेली उरलेली कीटकनाशके पलंगाच्या सांध्यांत, कपाटामागे किंवा गादीवर शिंपडली जाण्याचा धोका असतो. शेतातील फवारणीसाठी बनविलेले विष उघड्या हवेत पातळ होते. बंद शयनगृहात ते आठवडेच्या आठवडे टिकून राहते आणि तेथे माणूस रोज सात-आठ तास श्वास घेतो. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. मोकळ्या शेतात जे विष जीव घेते, ते खोलीत निरुपद्रवी असेल असे मानण्यास काहीही आधार नाही. धान्यात टाकण्याच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ढेकणांसाठी खोलीत ठेवणे तर प्राणघातक आहे. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन त्यांतून फॉस्फीन वायू निघतो, तो शेजारच्या खोलीतही पोचतो व त्यावर उतारा नाही.

डांबराच्या गोळ्यांविषयीही सावधगिरी हवी. ज्या बालकांच्या शरीरात जी-६-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या रक्तपेशी नॅफ्थलीनच्या संपर्काने फुटतात व तीव्र कावीळ होऊ शकते. नवजात बालकाचे कपडे, दुपटी व गोधड्या डांबराच्या गोळ्या टाकलेल्या आलमारीत ठेवू नयेत. वाळलेला कडुनिंबाचा पाला हा सौम्य पर्याय आहे. परंतु त्याचा प्रभाव मर्यादित असतो. कपडे वर्षातून दोनदा काढून ऊन दाखविणे हाच खात्रीचा उपाय होय.

वाळवीबाबत मूळ मुद्दा ओलाव्याचा आहे. जमिनीतून येणारी वाळवी ओलाव्याशिवाय जगत नाही, म्हणूनच ती मातीच्या नळ्यांतून प्रवास करते. फर्निचर भिंतीपासून पाच-सात सेंटिमीटर दूर ठेवल्यास अशी नळी वेळीच दिसते. नळी केवळ झाडून टाकणे पुरेसे नसते. भिंतीतील गळती, नळाची ओल व फरशीच्या भेगा बुजविल्या पाहिजेत. प्रादुर्भाव घराच्या पायापर्यंत असल्यास परवानाधारक व्यावसायिकाकडूनच प्रक्रिया करून घ्यावी. हाच नियम महाविद्यालयीन ग्रंथालयांतील भिंतीला टेकविलेल्या लाकडी कपाटांनाही लागू होतो. तेथे फर्निचरबरोबर ग्रंथही पणाला लागलेले असतात.

ऋतुमानानुसार निगेचा क्रम

होळीनंतर : कूलर लावण्यापूर्वी फर्निचरची जागा बदलावी, सैल सांधे व खिळे तपासावेत. सांधे चिकटविण्यासाठी मात्र घाई करू नये. लाकूड अतिशय कोरडे असताना घट्ट ठोकलेली पाचर पावसाळ्यात लाकूड फाडते.

मृगापूर्वी : गाद्या, गोधड्या, ग्रंथ यांना ऊन द्यावे, छत व भिंतींतील गळती दुरुस्त करावी, लोखंडी कपाटांचा गंज काढून रंग द्यावा.

श्रावण-भाद्रपद : पाऊस उघडलेल्या दिवशी कपाटांची दारे उघडावीत, बुरशी आढळल्यास फर्निचर बाहेर नेऊन कोरड्या कुंचल्याने झाडावे, वाळवीच्या नळ्यांसाठी दर आठवड्यास भिंती पाहाव्यात.

दसरा-दिवाळी : ही वार्षिक स्वच्छतेची परंपरागत वेळ हवामानाच्या दृष्टीनेही योग्य आहे. लाकडातील ओलावा मध्यम असतो, हवा कोरडी होऊ लागलेली असते. सांधे चिकटविणे, पॉलिश करणे व जवसाचे तेल देणे ही कामे याच काळात करावीत.

निगा, कारागीर आणि अर्थकारण

अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य १९३४ पासून वर्ध्यात सुरू झाले व १९३८ मध्ये मगन संग्रहालय उभे राहिले. ग्रामोद्योग संघाची धुरा वाहणारे जे. सी. कुमारप्पा यांनी कारावासात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात टिकाऊपणाला अर्थव्यवस्थेची कसोटी मानले. सेवाग्राम येथील माती, बांबू, लाकूड व कौले यांची बापू कुटी १९३० च्या दशकातील असूनही आज उभी आहे. यापैकी एकही पदार्थ अविनाशी नाही. सारवणे, शाकारणे, बदलणे ही कामे सातत्याने होत राहिल्यामुळेच ती टिकली. टिकाऊपणा हा वस्तूइतकाच व्यवहाराचाही गुण आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

या व्यवहाराला कारागिरांची जोड लागते. सांधा चिकटविणारा सुतार, चपड्याचा हात देणारा पॉलिशवाला, बैठक विणणारा बुरूड, गादी पिंजणारा पिंजारी यांची संख्या घटली तर दुरुस्तीयोग्य वस्तूही टाकून द्याव्या लागतात. पार्टिकल बोर्डचे कपाट तर दुरुस्तीसाठी बनविलेलेच नसते. त्यामुळे स्वस्त खरेदीची खरी किंमत दहा वर्षांच्या हिशेबातच कळते. दुरुस्तीवर खर्च केलेला रुपया गावातील कारागिराकडे जातो, ही बाबही त्या हिशेबात धरली पाहिजे.

निष्कर्ष

१. वर्धा जिल्ह्यात फर्निचरच्या हानीचे प्रमुख कारण आर्द्रतेतील तीव्र चढउतार हे असून कूलरमुळे त्यात भर पडते.
२. प्रत्येक पदार्थाची व त्यावरील लेपाची ओळख पटल्याशिवाय कोणताही द्रव वापरणे अयोग्य ठरते. एका पदार्थाला उपकारक असलेला उपाय दुसऱ्याला मारक असू शकतो.
३. शेतीची कीटकनाशके व अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड यांचा घरात वापर पूर्णतः टाळला पाहिजे. ओलावा नियंत्रण, ऊन, उष्णता व नियमित पाहणी हे सुरक्षित उपाय प्रथम योजावेत.
४. पॉलिश व सांधेजोडणीसाठी दसरा-दिवाळीचा काळ सर्वांत अनुकूल आहे.
५. स्थानिक कारागिरांकडून वेळीच करून घेतलेली दुरुस्ती ही नव्या खरेदीपेक्षा बहुधा किफायतशीर ठरते.

समारोप

फर्निचरची निगा म्हणजे केवळ चकाकी टिकविणे नव्हे. ओल, धूळ व कीड यांवर लक्ष ठेवण्याची ती एक संथ, सातत्याची सवय आहे. या सवयीसाठी महागडी द्रव्ये लागत नाहीत. मऊ कापड, भिंतीपासून सोडलेले चार बोटांचे अंतर, ऋतूचे भान आणि घरात विष न आणण्याचा निग्रह एवढ्याने तिचा मोठा भाग साधतो. गृहविज्ञानाच्या अध्यापनात स्थानिक हवामान व स्थानिक कारागिरी यांची सांगड घालून हा विषय शिकविला गेल्यास विद्यार्थ्यांच्या घरापर्यंत त्याचा उपयोग पोचेल.